यष्टीत बसून पाणी येतंय व्हय?

स्वारगेटवरून सुटलेली सांगोल्याची गाडी फलटणला अर्धी रिकामी झाली आणि नातेपुत्यात पुन्हा गच्च भरली. माझ्या पुढच्या सीटवर, वरच्या पट्टीवर रंगानं लिहिलेलं ‘विधानसभा सदस्य’ अर्धवट खरवडलं गेलं होतं, आणि त्याखाली कानात इअरफोन घातलेला एक कॉलेजचा पोरगा पाय पसरून झोपला होता. कंडक्टरनं त्याच्या खांद्याला टिचकी मारली. “काय आमदारसाहेब, तिकीट घेताय का बंदोबस्त बोलवू?” गाडी हसली. पोरगाही ओशाळून हसला. त्याच्या पलीकडच्या सीटवर पटका बांधलेले एक म्हातारबाबा होते, ते तेवढे हसले नाहीत. “हसायला काय झालं? आमचा आमदार बसायचा त्या सीटवर,” ते म्हणाले. गाडी जराशी गप्प झाली. तेवढ्यात मागून, फवारणीचा पंप मांडीवर घेऊन बसलेला एक चाळिशीतला माणूस म्हणाला, “बसायचा की. पर यष्टीत बसून पाणी येतंय व्हय?” म्हातारबाबांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, चंची काढली, तंबाखूत चुना मळला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. उत्तर दिलं नाही.

एवढ्या बोलण्यात नाव कुणीच घेतलं नव्हतं. त्या गाडीत ती गरजच नव्हती.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. ३० जुलै २०२१ ला, वयाच्या नव्वदीनंतर, ते गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांचं एकच चित्र माझ्या फोनवर फिरून फिरून येत राहिलं आहे : पांढऱ्या कपड्यांतला, चष्मा लावलेला एक वृद्ध माणूस, आणि खाली मजकूर, की हे अकरा वेळा आमदार झाले, एसटीनं फिरले, यांच्याकडे ना बंगला ना गाड्यांचा ताफा. शेवटी हात जोडलेली दोन चिन्हं. पाठवणारे बहुतेक असे, की ज्यांना सांगोला नकाशावर दाखवता यायचा नाही. ते वाचून मला बरं वाटतं आणि लगेच चिडही येते. बरं वाटतं, कारण आजोळचा माणूस. चिड येते, कारण पन्नासहून जास्त वर्षं सभागृहात बसलेल्या माणसाचं आम्ही शेवटी एक तिकीट करून टाकलं. तो साधा होता एवढं म्हटलं की त्यानं काय मागितलं, काय मिळवलं, कुठं हरला, हे बघायची कुणावर पाळीच येत नाही. साधेपणाचं कौतुक फुकटात होतं. आणि पंपवाल्या माणसानं एका वाक्यात नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं होतं, म्हणून ते वाक्य पुढं कित्येक दिवस डोक्यातून जाईना.

विक्रमाचीही तीच गोष्ट. ‘देशात सर्वांत जास्त वेळा’ असं कुणी बेधडक लिहितं. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. माणी तेरा वेळा निवडून आले, पुदुपल्लीतून ओमन चंडी बारा वेळा. तमिळनाडूत करुणानिधी होते. सांगोल्याच्या माणसाला या यादीत पहिलं बसवायची काहीच गरज नाही. अकरा हा आकडा पुरेसा मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर मला अकरापेक्षा त्यातले दोन पराभव जास्त बोलके वाटतात. पण त्यांच्याकडं वळण्याआधी सुरुवात सांगायला हवी.

जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, म्हणजे मूळचे सांगोल्याचे नव्हेतच. पुण्यात कायदा शिकले, तिथंच शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) वाऱ्यात आले, आणि वकिली करायला सांगोल्यात बसले. १९६२ ची निवडणूक म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली. यशवंतराव चव्हाणांचा काळ, २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. त्या लाटेत लाल बावट्याचे, म्हणजे शेकापचे, पंधरा जण निवडून आले आणि त्या पंधरांत पस्तिशीतला हा वकील होता. पक्षात सगळेच ‘भाई’, म्हणून ते भाई गणपतराव. तालुक्याला मात्र ते आबासाहेब, नुसते आबा. माझी आजी ‘वकील’ म्हणायची. शेवटपर्यंत. दोनदा मंत्री झाले तरी तिच्या लेखी ते वकीलच राहिले, कारण कोर्टात कुळाची बाजू मांडणारा माणूस तिनं आधी पाहिला होता आणि आमदार नंतर.

आजोळ माण नदीच्या काठी. काठी म्हणायचं एवढंच. मी लहानपणी जी नदी पाहिली ती वाळूची होती. मे महिन्यात गेलो की दुपारी त्या वाळूत पाय ठेवता यायचा नाही, आणि संध्याकाळी बायका तीच वाळू उकरून झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. घागर भरायला लागणारा वेळ मला अजून आठवतो, कारण तेवढ्या वेळात आजी एक अख्खी गोष्ट सांगून संपवायची. त्यातली हटकून येणारी गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. खडी फोडायला सांगोल्याच्या रस्त्यावर गेलेली ती. डाव्या हातात चिंध्या गुंडाळून दगड धरायचा, उजव्या हातात हातोडी, आणि फुटलेल्या खडीचा ढीग मापात बसला नाही की मुकादम लाथेनं पसरवायचा. तोंडाला फडकं, तरी रात्री थुंकी पांढरी यायची. आठवड्याच्या पगारात मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी तांबूस आणि तव्यावरच तुटणारी, आणि पोरांना सुकडी. सुकडीचा वास तिला पुढं कधी सोसला नाही. अंगणवाडीतून कुणी पाकीट आणलं तर ती उठून बाहेर जायची.

त्याच बहात्तर साली आबा पहिल्यांदा पडले.

इंदिरा गांधींची लाट होती, राज्यात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला गेल्या. म्हणजे आजीच्या पिढीनं पाहिलेला सर्वांत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तालुक्याचा हा वकील सभागृहाबाहेर होता. त्या काळात राज्यभर जे मोर्चे निघाले, घेराव झाले, त्यांत लाल बावटा पुढं होता, आणि खडीच्या कामावरच्या बायकांनी ‘काम द्या, नाहीतर दाम द्या’ असं म्हणायला शिकून घेतलं. आजी म्हणायची, “वकील पडला ते बरं झालं, नायतर मुंबईला असता. पडला म्हून खडीवर आला.” पुढं निवडून आलेल्या आमदारांच्या निधनामुळं १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि आबा पुन्हा आत गेले. तिथून १९९५ पर्यंत सांगोल्यानं त्यांना बाहेर येऊ दिलं नाही.

आता जरा माझ्या पगाराच्या चिठ्ठीबद्दल. पुण्यात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, व्यवसाय कर, महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. तो का कापतात हे माझ्या कचेरीत मी सगळ्यांनाच विचारून पाहिलेलं आहे आणि कुणालाच माहीत नव्हतं. तो कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, तासगावकडचे. खेड्यातल्या ज्या माणसाला काम हवं आहे त्याला सरकारनं ते दिलंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली, बहात्तरच्या दुष्काळानं तिला धग दिली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुरीचा वाटा उचलायचा, असा तो सौदा. आबा त्याच वर्षी विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. कायदा त्यांनी केला असं म्हणणं खोटं होईल. श्रेय पाग्यांचं, आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्यांचंच. पण आजीची खडी, मुकादमाची लाथ आणि माझा दोनशे रुपयांचा रकाना या तिन्हींना जोडणारा रस्ता सभागृहातून जातो, आणि त्या रस्त्यावर बसून राहिलेल्या मोजक्या लोकांत ते होते.

बसून राहणं. हे मला त्यांच्या कारकिर्दीचं मुख्य काम वाटायला लागलं आहे. १९७८ साली पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं तेव्हा शरद पवारांच्या मंत्रिमंडळात ते गेले, पण ते सरकारच दोन वर्षांच्या आत गेलं. पुढचं मंत्रिपद १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या सरकारात, पणन आणि रोजगार हमी. तेही थोड्याच वर्षांचं. बाकीची बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात काय असतं? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अंदाजपत्रकातल्या मागण्यांवर बोलायला मिळालेली चार मिनिटं. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. टीव्हीवर दिसते ती पायऱ्यांवरची घोषणाबाजी. आणि प्रश्नाचं उत्तर तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : ‘अंशतः खरे आहे’, ‘बाब तपासून पाहण्यात येत आहे’. एखाद्याला ते दोनदा ऐकून वीट येतो. मग पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न थोडा फिरवून पुन्हा लावायचा, त्यापुढच्या अधिवेशनात पुन्हा, आणि अधिकाऱ्याला कळून चुकेपर्यंत लावत राहायचा, की हा माणूस विसरत नाही. नागपूरच्या थंडीत आमदार निवासाच्या खोलीत बसून हे करायला कोणत्या प्रकारची जिद्द लागते मला ठाऊक नाही. माझ्यात ती नाही एवढं खरं. मी तर सोसायटीच्या गळक्या टाकीबद्दल तिसऱ्यांदा ई-मेल करायला कंटाळतो.

१९९० च्या सुमाराला रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. शेतकऱ्यानं आपल्याच रानात खड्डे खणायचे, रोपं लावायची आणि त्याची मजुरी सरकारनं द्यायची. मामाच्या माळावर डाळिंब आलं ते या वाटेनं. तोवर त्या माळावर हुलगा, मटकी आणि पाऊस लाजला तर तेही नाही. आधी गणेश जातीचं, मग भगवा. कमी पाण्यात, ठिबकच्या नळीतून थेंबथेंब मिळालेल्या पाण्यावर. चुनखडीच्या हलक्या जमिनीत, कोरड्या हवेत ते पीक असं काही मानवलं, की सांगोल्याचं नाव दुष्काळाऐवजी डाळिंबाबरोबर घेतलं जाऊ लागलं. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पार बंगालातल्या शालिमारपर्यंत. मामानं तेव्हा मला फोन करून सांगितलं, “आपली डाळिंबं कलकत्त्याला चालली, तू अजून पुण्यातच.”

या सगळ्याला ‘आबांनी केलं’ म्हणायचं का? नाही म्हणवत. योजना राज्याची, कष्ट मामाचे, रेल्वे केंद्राची. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या पोरानं फळबाग लावली या वाक्याच्या मधल्या जागेत कितीतरी कागद आहेत, आणि ते कागद कुणीतरी हलवत राहिलं.

सूतगिरणीचं मात्र नाव घेऊन म्हणता येतं. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढायची, हे वरवर पाहता वेडेपणाचं होतं. कापूस बाहेरून आणायचा, सूत सोलापूर-इचलकरंजीच्या मागांना विकायचं, आणि मधला रोजगार तालुक्यात ठेवायचा. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या किती निघाल्या आणि त्यांतल्या किती शेवटी भंगाराच्या भावानं गेल्या, हे वेगळं सांगायला नको. पुढाऱ्याची गिरणी म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते उगीच येत नाही. सांगोल्याची चालत राहिली. मामाच्या शेजारचा एक जण तिथं रात्रपाळीला होता. सकाळी घरी आला की भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवरच्या केसांवर पांढरा बारीक कापूस बसलेला असायचा, आणि तो अंगणात उभा राहून आधी डोकं झटकायचा, मग आत यायचा. आम्हा पोरांना वाटायचं हा रोज रात्रीत म्हातारा होतो आणि सकाळी परत तरुण. आबांवर अंत्यसंस्कार त्या गिरणीच्या आवारातच झाले.

पण पंपवाल्यानं सूतगिरणीबद्दल विचारलं नव्हतं. त्यानं पाण्याबद्दल विचारलं होतं.

आणि तिथं हिशेब अवघड होतो. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) मिळाले ते राज्याराज्यांत पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं १९७३ मध्ये दिलेल्या निवाड्यात. त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता, म्हणजे त्याआधी पाणी अडवून, वापरून दाखवायचं. पश्चिमेकडच्या हक्काच्या तालुक्यांत धरणं झाली, कालवे झाले, ऊस उभा राहिला. सह्याद्रीच्या पावसाची पाठ ज्यांच्याकडं होती ते माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, सांगोला हे वरच्या बाजूला कोरडेच. कृष्णा खाली, आम्ही वर. पाणी उपसून चढवल्याशिवाय यायचं नाही. १९९३ पासून आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. अण्णा, आबा, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर हे एका व्यासपीठावर, आणि समोर उन्हात बसलेली हजारो माणसं. मागणी अशी, की पाणी जमिनीच्या मालकीवर नाही, माणसावर वाटा. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क द्या. ही मागणी आजही ऐकायला क्रांतिकारक वाटते, आणि आजही ती बहुतेक कागदावरच आहे.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणायची तर. १९९५ ला आबा दुसऱ्यांदा पडले. काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. राज्यात युतीचं सरकार आलं, २००० ची मुदत डोक्यावर होती म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कर्जरोखे काढून पैसा उभा केला गेला, आणि टेंभूसारखी योजना, कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं सांगोल्यापर्यंत चढवणारी, मार्गी लागली. म्हणजे ज्या पाण्यासाठी माणूस आयुष्यभर बोलत राहिला त्याची कुदळ पडली तेव्हा तो सभागृहात नव्हता. त्यानंतरही पाणी यायला दशकं गेली. सरकारं बदलली, निधी आटला, पंपगृहांच्या विजेची बिलं थकली आणि चालू झालेले पंप बंद पडले. पुढं वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के शेतकऱ्याचा असं ठरलं, तेव्हा कुठं पाण्याला जरा नियमितपणा आला. तोवर माझी आजी गेली होती.

तेव्हा तालुक्यात जे म्हणतात ते नुसतं कुजकं बोलणं नाही. सत्तेतला आमदार दिला असता तर पाणी वीस वर्षं आधी आलं असतं, असं म्हणणारी माणसं मी घरातच ऐकली आहेत. माझा मोठा मामा त्यांतला. त्याचं म्हणणं सरळ : आबा सोन्यासारखा माणूस, पण सोनं चावून पोट भरत नाही. आबांना पक्ष बदलायची निमंत्रणं आली नसतील असं कोण मानेल? ते गेले नाहीत. पंधरा आमदारांचा पक्ष १९९९ ला पाचावर आला, २०१४ ला तिघांवर, आणि हे त्याच बाकावर. निष्ठा म्हणून याला माझा नमस्कारच आहे. पण निष्ठेची किंमत ज्यानं ती बाळगली त्यानं एकट्यानं मोजली का, की झिऱ्याशी वाटी घेऊन बसलेल्या बायांनीही मोजली, हा प्रश्न मला टाळता येत नाही. धाकटा मामा यावर उसळून म्हणतो, “सत्तेतले आमदार आजूबाजूच्या तालुक्यांनी दिलेच की. त्यांच्यात काय समुद्र आला?” यावर थोरल्याकडं उत्तर नसतं. दोघं भाऊ एका ताटात जेवतात आणि या विषयावर गेली कित्येक वर्षं एकमेकांना ऐकवतात. जातीचं गणितही दोघांना तोंडपाठ आहे; आबा धनगर समाजातले, तालुक्यात तो समाज मोठा, तेव्हा नुसत्या विचारावर अकरा वेळा निवडून आले असं म्हणणारा शहरातला भाबडा असतो. पण नुसत्या जातीवरही कुणी पन्नास वर्षं टिकत नाही, हेही दोघांना मान्य आहे. ती एकच गोष्ट.

२०१९ ला वयामुळं आबा उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, त्याच शहाजीबापूंकडून, जे आता शिवसेनेत होते. त्यानंतरचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. जून २०२२, शिवसेनेतलं बंड, गुवाहाटी, आणि फोनवर एका कार्यकर्त्याला सांगितलेलं ते झाडी, डोंगर आणि हाटेलाचं वर्णन. माझ्या कचेरीतली मुंबईची पोरं महिनाभर मला ते म्हणून दाखवत होती. “तुमच्या सांगोल्याचे ना?” मी हसायचो. हसण्यासारखंच होतं, आणि बोलीचा तो ठेका अस्सल आमचा होता, त्याबद्दल मला आतून जरा कौतुकही होतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात यायची नाही. ज्या माळावर बाभळीशिवाय सावली नाही तिथल्या माणसाला झाडी दिसल्यावर असं सुचणारच. आबांच्या तालुक्यातून हा आमदार कसा, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, तोच तालुका, तेच मतदार, त्याच मतपेट्या. १९९५ लाही त्यांनीच निवडून दिलं होतं. तालुका म्हणजे काही एका माणसाचं स्मारक नव्हे.

२०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब, पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. अख्ख्या विधानसभेत शेकापचा आज तो एकच आमदार. धाकट्या मामानं गुलाल उधळलेला फोटो पाठवला. थोरल्यानं त्याखाली एक ओळ टाकली : ‘घराणेशाही नको म्हणणारा पक्ष ना तुमचा?’ मला दोघंही बरोबर वाटले, म्हणून मी अंगठा दाखवून गप्प बसलो. एका घराच्या तिसऱ्या पिढीला निवडून देणाऱ्या तालुक्याला तत्त्वाची चाड राहिली नाही म्हणावं, तर हे घर निदान पक्ष बदलून मोठं झालेलं नाही. आणि चाड आहे म्हणावं, तर तत्त्वाला आडनाव कशाला लागतं? मला हे सुटलेलं नाही.

त्या एसटीच्या प्रवासानंतर मी आजोळी पोचलो तेव्हा धाकट्या मामाचा पोरगा बागेत होता. डाळिंबावर तेल्या रोग पडला होता. हिरव्या फळावर आधी तेलकट ठिपका, मग तो काळा, मग त्यातून फळ इंग्रजी वायच्या आकारात तडकतं. त्यानं एक फळ तोडून माझ्या हातात दिलं आणि दुसरं बांधाबाहेरच्या खड्ड्यात फेकलं. तो खड्डा अर्धा भरला होता. पाणी आलंय ना आता, मी विचारलं. “पाणी आलंय. वरच्यांच्यात आलंय. आमच्या चारीला शेवटच्या टोकापर्यंत पोचंस्तवर आवर्तन बंद.” ते तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग हात धुऊन घरात गेला आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. चारीचा, म्हणजे कालव्यातून रानाकडं येणाऱ्या पाटाचा, नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव, गेल्या तीन आवर्तनांत, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांत, कुठल्या तारखेला कुठल्या गेटपर्यंत पाणी आलं याचा पेनानं आखलेला तक्ता, आणि खाली पंचवीस-तीस सह्या, दोन अंगठे. हे असं कसं करायचं हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. “म्हंजे? अर्ज असाच देत्यात की. तारखा नसल्या तर सायेब म्हणतो, बाब तपासून बघतो.”

मी त्याला एसटीतलं वाक्य सांगितलं. तो जरा हसला. मग म्हणाला, “यष्टीत बसून नाय येत. मागं लागून येतंय. पर लय वेळ लागतोय, ते बी खरं हाय.” आणि फाइल बंद करता करता, मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडं बरा फोन आहे म्हणून, मला काम सांगितलं : “ते नागपूरचं अधिवेशन कधी लागतंय बघ की जरा. प्रश्न आधी टाकायला लागतो. त्याच्या महिनाभर अगोदर ह्यो अर्ज आमदाराच्या हातात पायजे, नायतर गेलं पुढल्या अधिवेशनावर.”